सत्कारात अडकलेलं मेंढरू

...अवो, नारळ तरी किती खायाचे माणसानं! तुमास्नी सांगतो, अठ्ठ्याण्णव ते दोन हजार सहा बँड चालवला आमी, पॉप-पंक, म्हंजी धडाधडा वाजवायचं इंग्रजी वळणाचं गाणं, आणि त्यो बी कोल्हापुरात! मिळालं काय? शाल, नारळ, फेटा. गाणं काय झालं न्हाय बगा!

आमी तिघं. गिटार आणि गळा शांतवनचा, बेसवर गडहिंग्लजचा सोमशेखर, आणि ड्रमवर मी, प्रसेनजीत. शांतवनचे आबा चर्चमधी पाळक. म्हणून ह्याच्या गाण्यात देव असायचा, पर नाव न घेता, हळूच, आमटीत गूळ घालत्यात तसा. 'हरवलेलं मेंढरू' म्हणून एक गाणं हुतं, बायबलातल्या गोष्टीवरनं, तीन मिनिटांचं, नुसता धुरळा! चर्चमधली म्हणायची, "ह्यात प्रभू कुठं दिसंना." गणपती मंडळाचे अध्यक्ष आण्णा म्हणायचे, "मेंढरू? धनगरी हाय व्हय? चालतंय की! किती येळ?" तीन मिनिटं म्हटलं की आण्णा खूश. "मग पयला सत्कार उरकून घिऊ."

उरकून! कोल्हापुरात सत्कार उरकतो व्हय? वर्गणी दिलेले, वर्गणी न दिलेले, मांडववाला, मांडववाल्याचा साडू... त्यात एकाचं नाव ऱ्हायलं की त्यो रुसून चालला, त्याला धरून आणा, त्याला डबल शाल! मग आमचाच सत्कार, 'उगवते कलाकार!' फेटा असा आवळायचे की ड्रमवर मान हलंना. तवर दहा वाजायचे, पोलीस पावणं हजर, "बंद करा!" गाणं काय झालं न्हाय!

शांतवनचं म्हणणं एकच, आबांनी एकदा ऐकावं. आबांना वाटायचं, पोरगं मांडवामांडवातनं बोंबलत फिरतंय, हातचं गेलं. आता ते मेंढरू त्यानं लिवलं हुतं कुणासाठी? आबांसाठीच की! शेवटी सोमशेखर कागल एमआयडीसीत चिकटला, माझं लगीन ठरलं, म्हटलं हा शेवटचा कार्यक्रम, आबांना आणायचंच. आले! पयल्याच खुर्चीत बसले. मी आण्णांच्या पाया पडलो, "आज सत्कार नगो." आण्णा म्हणाले, "शब्द हाय माझा. फकस्त पावण्यांना एक नारळ. वडीलमाणूस हाय, रीत हाय का न्हाय?"

नारळ दिला. दिला तर दिला, वर माईक दिला! अवो, पाळकाच्या हातात माईक! आबा सुरू झाले, "माझ्या मुलाचं गाणं मी अजून ऐकलेलं नाही..." आणि तितनं जे शिरले ते हरवलेल्या मेंढरातच! डोंगर, काटं, अंधार, शोधत हिंडणारा मेंढपाळ... बाया रडाय लागल्या, आण्णा रडाय लागले, शांतवन तर गिटारवर डोकं टेकून हुंदकं देतोय, आणि मी आपला स्टिका धरून घड्याळ बघतोय. वाजले की दहा! खटाक्... करंट बंद. गाणं काय झालं न्हाय!

आबांनी पोराला मिठी मारली. लई येळ सोडलंच न्हाय. मग डोळं पुसत माझ्याकडं वळले, "प्रसेनजीत बाळ, कार्यक्रम फार छान झाला. पुढच्या वर्षीही ठेवा. फक्त ते ढोल तेवढे मागं सरकवा, बोलायला उभं राहायला जागा पुरत नाही."

"व्हय आबा," म्हटलं, आणि लागलो ड्रमचे नट सोडायला.