दोन ब्राँझचे, दोन बिडाचे

आमच्या भाऊजींची जुनी मोटार तुम्ही बडोद्यात चालताना पाहिली नसणार. त्याला कारण आहे.

नव्वदच्या दशकात सगळे नव्या गाड्या बुक करत होते, तेव्हा भाऊजींनी ही चार सिलिंडरची म्हातारी घेतली. इंजिन खोललं, तर व्हॉल्व्ह ज्या नळ्यांतून वर-खाली होतात ते गाईड झिजलेले.

"ब्राँझचे घालू. टिकतील," भाऊजी म्हणाले.

"तापल्यावर व्हॉल्व्ह जखडेल. मूळचे बिडाचे होते, बिडाचेच घाल," त्यांचे मित्र साने म्हणाले. दोघेही कोयलीच्या तेल रिफायनरीत इंजिनिअर, त्यामुळे माघार कोण घेणार? बोलणं बंद झालं.

शेवटी ताई म्हणाली, "दोन सिलिंडरना ब्राँझ घाला, दोनांना बीड. ज्याचं आधी बिघडेल तो हरला."

दोघांना पटलं. गाडी सुरू झाली, गल्लीत एक चक्कर मारून परत आली. त्यानंतर बाहेर काढायची म्हटलं की भाऊजी म्हणत, आज ऊन फार आहे. साने म्हणत, धूळ फार आहे. ताई खंडेराव मार्केटला रिक्षानेच जात राहिली.

काही वर्षांनी मी तिला विचारलं, "मग, शेवटी आधी काय गेलं?"

"टायर," ताई म्हणाली. "उभ्या उभ्या कुजले."