आईची गाडी तीनवर चालते

"हॅलो?… हो आई, बोल… गाडीखाली आहे… अगं, कामाला! उडवलं नाही मला कुणी. बोल."

गॅरेजवाली सरपटत बाहेर आली. सकाळपासून आईचा हा पाचवा फोन आणि विषय एकच: एकतीस वर्षांची ती गाडी, जिच्यातून आई नर्स असताना घरोघर बाळंतपणं करत फिरली. चार वाजता दादा भंगारवाल्याला घेऊन येणार होता. ठरलं होतं ते असं की, गाडी दादासमोर न अडखळता चालली तर राहील, नाही तर जाईल.

"अजून गचके देतेय?… प्लग बदललेस ना परवा?… चारही?… बरं, बरं, नुसतं विचारलं. तूच शिकवलंस मला, मान्य… हो, मी फ्रॉकमध्ये होते तेव्हा… आई, तीन वाजून गेलेत! इंजिन चालू कर आणि फोन बॉनेटपाशी धर… कानाला नको, बॉनेटला!"

ती डोळे मिटून ऐकत राहिली. धड्, धड्, धड्, आणि एक खाडा. पुन्हा तीन, पुन्हा खाडा. नेमाने दांडी मारणाऱ्या कारकुनासारखा.

"झालं. तीनवर चालतेय. चारपैकी एक सिलिंडर झोपलंय… कुठलं ते मला इथून कसं दिसणार? दुर्बीण लावलीय का मी?… ऐक ना. वाटीत पाणी आण… प्यायला नाही गं! इंजिनमधून धुराच्या पाईपचे चार फाटे निघतात ना, त्या प्रत्येकावर दोन-दोन थेंब टाक. जिथे चुर्र होणार नाही तो फाटा गार, तोच आपला चोर… पंख्यापासून लांब! बाही वर कर!"

"पहिला?… हं. दुसरा?… तिसरा?… ऐकू आलं. चौथा?… काय? नुसताच ओघळला? सापडला! सगळ्यात मागचा, पत्र्याला चिकटलेला. बंद कर इंजिन."

"आता त्याची वायर काढ… ओढू नकोस, टोपी धरून हळू फिरव… आली? प्लगचा पांढरा भाग कसा दिसतो?… पांढराच गं, पण कसा? नवाकोरा, की चहाच्या कपासारखा डागाळलेला?… दिसत नाही म्हणजे? कपाळावरचा चष्मा खाली घे… चिडतेस कशाला एवढी?"

आई चिडली की काहीतरी लपवते, हे गॅरेजवालीला लहानपणापासून ठाऊक होतं.

"आई. नव्या प्लगच्या रिकाम्या डब्या कुठे आहेत?… मोज ना… तीन. आणि चौथी?"

पलीकडे डबी हलवल्याचा खडखडाट झाला.

"भरलेली आहे… म्हणजे तीनच बदललेस… अगं, मग खोटं का बोललीस? दोन दिवस मी वायरी, टोप्या, कार्बोरेटर, जगातलं सगळं उघडायला लावलं तुला! गिऱ्हाईक असतीस ना, तर हाकलून दिलं असतं… जागा अडचणीची आहे, माहितेय मला. पण तो प्लग तू डोळे मिटून काढायचीस… हं, पाना बसला. मग?… फिरेना? गंजलाय?… प्लग नाही? मग काय फिरत नाही?"

"…हात?"

ती शेजारच्या टायरवर बसली.

"उजवा?… बाकीचे तीन डाव्याने काढलेस, इथे डावा पोचत नाही… कधीपासून?… दोन महिने! दोन महिने तू मला गाडीचे आवाज काढून दाखवतेस, आणि… बोटांत जोरच येत नाही? मग स्टिअरिंग कसं धरतेस?… डाव्या हाताने. वा! भर बाजारात, डाव्या हाताने!… मी ओरडत नाहीये!… बरं, ओरडतेय!"

बाकावर थांबलेलं गिऱ्हाईक उगाचच मोबाईलमध्ये डोकं घालून बसलं.

"नाही, दादाला नाही सांगत… आज नाही. ऐक, ऐक ना. पंधरा मिनिटांत येते, प्लग मी बदलते. दादासमोर गाडी शिलाई मशीनसारखी चालेल, शब्द माझा. भंगारवाला हात हलवत परत जाईल. पण उद्या सकाळी डॉक्टर. आणि यापुढे चालवणार मी… नाही? मग नेऊ दे दादाला गाडी, मी येतच नाही… हं. ठेवू फोन?… आता कशी!… हो, याच गाडीतून जायचं. तू शेजारी बस. माझा गिअर चुकला तर ओरड, हक्कच आहे तुझा."

ती उठली. पाना आणि प्लग काढायची लांब नळी पिशवीत टाकली, गिऱ्हाइकाला हातानेच 'उद्या' अशी खूण केली.

"आता आणखी काय?… आई, वेळ कुठे आहे? साडेतीन होतील… केस? विस्कटले असतील तर विंचर, त्यात काय… बांधता येत नाहीत?… कधीपासून गं?… बरं, बरं. रडू नकोस… नाही रडत, बरं."

ती शटर अर्धं ओढून तशीच उभी राहिली.

"अगं, पण प्लगलाच दहा मिनिटं लागतील, आणि दादा दारात… हं… हो. तो आधी तुझ्याकडे बघेल, मग गाडीकडे. केस सुटे दिसले की हाताचं कळेलच त्याला. कळलं मला."

"बरं. आधी केस… हो, साबणाने धुऊन येते गं, ग्रीसचे हात नाही लावत तुझ्या डोक्याला!… ठेव आता."