चार नंबरचा पेला

आमच्या लेनिक गावात आंबट चेरीची बिअर करणारेच दर उन्हाळ्यात एकमेकांची बिअर चाखून गुण देतात. निकालानंतर बसथांब्यावर म्हातारा यूल आणि त्याची बायको हिल्डे माझ्या पुढेच उभे होते.

"पहिलं बक्षीस तुलाच मिळालं ना? मग तोंड का पाडलंयस?"

"अगं, पेल्यांवर नुसते नंबर होते. चार नंबर तोंडाला लावला आणि वाटलं, ही आपलीच! बियांचा तो कडवटपणा अगदी आपल्या पिंपातला."

"मग?"

"कुणी पक्षपाती म्हणू नये म्हणून दोनच गुण दिले. वर लिहिलं, हिने घोडे धुवा."

"अरे देवा! आणि शेजारच्या सेप्पेला किती दिलेस?"

"सहा नंबर मला त्याची वाटली. मन मोठं करून दहापैकी दहा दिले."

"आणि सहा नंबर निघाली आपली!"

"चार नंबर सेप्पेची. तो गावभर सांगत सुटलाय, यूलने लबाडी केली."

"मग खरं सांगून टाक."

"काय सांगू? तीस वर्षं बिअर करतोय आणि स्वतःचीच ओळखता येत नाही? त्यापेक्षा लबाड म्हणू देत."

"बस आली बघ. थांब, आपलीच आहे का ते मी बघते."