बापाची हाजरी

गावाचं नाव नका लिहू. सौंसर तालुक्यातलं, रामाकोन्याच्या अलीकडचं म्हना, तेवढं पुरे. माहं नाव शेवंता, पन तेही आधी सारं ऐका अन् मंग ठरवा लिहाचं का नाही ते. मी शाळेत खिचडी शिजवतो, सोळा-सतरा वर्षं झाली असतील. लोकं मले पवारीन बाई म्हनतात. इकडे पवार लय, कास्तकार लोक, संत्र्याचे बगीचे त्यायचे, अन् आमचंही आडनाव पवार, म्हनून कोनी विचारलं नाही अन् आमी सांगितलं नाही. आमी पारधी हावो. हे तुमाले सांगून राहिली तं पाहा, घरात कोनी नाही तरी आवाज खाली गेला माहा.

जन्म माहा पांढुर्न्याच्या बाहेर, रुळाच्या पलीकडे, पालात. बापाचं नाव गनू. काय मानूस होता, म्हंजे हाये, अजून हाये. घोड्याच्या शेपटीचे केस मांडीवर वळून तितराचे फासे करे, अन् तोंडानं असा बोले का झुडपातला खरा तितर त्याले जवाब दे. आमी बहीनभाऊ हसून हसून लोळो. पन तोच बाप कोनत्या गावाच्या शिवेवर आला का येगळाच मानूस होऊन जाये. पाल टाकाच्या आधी, चूल मांडाच्या आधी, पयले पाटलाच्या घरी, नाही तं थान्यात. चपला बाहेर, हात जोडलेले, मान खाली, अन् एका दमात म्हने, हाजीर हावो मायबाप, गनू वल्द हिरा, जात पारधी, मानसं चार, आलो पांढुर्न्याहून, जानार परवा.

आता ते काहून, तेही सांगतो. माह्या आज्याच्या टायमाले इंग्रज सरकारनं आमची अख्खी जातच चोर म्हनून बुकात लिहून टाकली होती. चोरी केलेला चोर, न केलेलाही चोर, अन् जो अजून मायच्या पोटात हाये तोही चोर. रोज गड्यामानसानं पाटलाकडे हाजरी द्याची, दुसऱ्या गावी जाचं तं चिठ्ठी घ्याची, चिठ्ठी नसली तं बेड्या. बाप सात-आठ वर्षाचा, आज्याचं धोतर धरून त्या लाइनीत उभा राहे. मंग तो कायदा उठला, मी जन्माले याच्या कितीतरी आधी उठला, पन बापाच्या अंगातून उठलाच नाही. आमी म्हनो, बाबा, आता कोनी मांगत नाही. तं म्हने, सांगून थांबलं का कोनी काही म्हनत नाही, तुमाले काय समजते. पाटील हसे. पाटलाचे लेकरं माघून त्याची नक्कल करे, हाजीर हावो मायबाप. अन् त्या चार मानसात माही गिनती, मले वाटे धरतीनं पोटात घ्यावं. बापाची लाज मले तेव्हापासून, खोटं काहून सांगू.

लगन झालं अन् मालक म्हने आपन पालं सोडून देऊ. मालक मानूस चांगला, संत्र्याच्या गाड्या भरे, दारूले हात नाही. आमी या गावात खोली केली. मी आमची बोली बोलनं सोडलं, पोरीसंगही नाही बोलली, रेखाले आजपर्यंत आमच्या बोलीतलं पानी म्हनता येत नाही. मंग शाळेतलं काम भेटलं. काय सांगू तुमाले, त्या कामाची मले किती धास्ती! नियमानं पयला घास मोठ्या बाई चाखे, हेडमास्तरीन, अन् त्यायच्या तोंडात चमचा जाये तोवर माहा जीव वरखाली. कोनाले कळलं का पारधीन शिजवून राहिली, तं कोन आपल्या लेकराले माह्या हातचं खाऊ देईन? बापाले म्हनून मी सांगूनच ठेवलं होतं, बाबा तुमी येऊ नका, मीच येत जाईन. तो हो म्हनला होता.

पन एका चैतात आला. रेखाले पाहून लय दिवस झाले होते, दुसरं काही नाही. जामसांवलीले हनुमान जयंतीची गर्दी होती, बसी भरभरून चालल्या होत्या, त्यातल्याच एका बसीनं आला. शेल्यात रानातली पिकली टेंभरं बांधून आनली होती, नातीसाठी. उतरला तो घरी नाही आला. पयले थान्यात गेला. आता सांगा, एवढं म्हातारं मानूस, कोनी बोलावलं नाही, कोनी विचारलं नाही, अन् आपल्या पायानं थान्यात जाऊन सांगते का मी पारधी, मी आलो. हे आमच्याशिवाय जगात कोनी करत नसंल. अन् त्या दिशी त्यानं हाजरीत एक नवीन जोडलं. म्हने, मुक्काम पोरीकडे, नाव शेवंता, शाळेत खिचडी शिजवते. जनमभर त्याच्यापाशी सांगाले पालाशिवाय मुक्काम नव्हता. त्याले त्याचा गर्व वाटला असंल. मले तं तसंच वाटते.

घराले कुलूप, तं तो लिंबाखाली बसून राहिला. तितक्यात तिकडे रस्त्यावर कोन्या बाईची गळ्यातली साखळी गेली. थान्यात आठवलंच, सकाळीच एक पारधी आपलं नाव सांगून गेला.

शाळेत लेकरं ताटं घेऊन बसली होती. मी वाढून राहिली होती, बाजूले मोठ्या बाई. जीप आली. हवालदारानं बापाचा दंड धरला होता. बापानं मले पाहिलं अन् हसला. तो हसला हो, आता सुटलो असं हसला. हवालदार म्हने, ये बोलता है तुम्हारा बाप है. है क्या?

मी म्हनलं, नाही साहेब. मी नाही ओळखत. असे किती येतात.

ते शेवटचं मले कोनी विचारलंही नव्हतं. नुसतं नाही म्हनली असती तरी भागलं असतं. ते जास्तीचं मी आपल्या मनानं टाकलं.

बापाच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं घडीभर, काढाचं विसरला जसा. मंग त्यानं हात जोडले, हवालदाराले नाही, मले. म्हने, माफी करा बाई, साहेब, माहीच चूक झाली, म्हाताऱ्या डोळ्याले दिसत नाही, हे बाई माही कोनी नोहे. अन् आपूनच जीपकडे चालू लागला. मी पुढच्या लेकराच्या ताटात वाढलं. एक दानाही खाली नाही सांडला, त्याचीच मले जास्त शरम वाटते.

घरी आली तं दारापाशी शेल्याचं गाठोडं. रेखानं सोडलं, टेंभरं खाऊ लागली, म्हने, आई, कोनं आनली वं? मी म्हनलं, बाजारातून. एका दिवसात दोनदा. मालकाले सांगितलं तं मालक म्हनले बरं केलं, आपलं घर राहिलं. मले त्यायचा राग आला अन् सुटल्यासारखंही वाटलं, दोन्ही झालं. तिसऱ्या दिवशी बापाले सोडलं, डाव्या पायानं लंगडत. साखळीचं काय झालं मले मालूम नाही. तो पाय काही सुधरला नाही.

महिन्यानं मी पांढुर्न्याले गेली. पालात चार बाया बसल्या होत्या. बाप म्हने, या बाई, बसा, पानी घेता का? बाई. पोटच्या पोरीले. त्यानं तिथं साऱ्याले सांगून ठेवलं होतं का माही पोरगी लांब कुठी नागपुराकडे गेली, इकडे माहं कोनी नाही. माहं खोटं तो सांभाळून राहिला होता. अन् त्या दिवसापासून तो कोन्या गावी गेला नाही, कोनाले हाजरी दिली नाही. मले लहानपनी हेच तं पाहिजे होतं ना, का यानं हे बंद करावं. झालं बंद.

मागच्या साली मोठ्या बाई रिटायर झाल्या. निरोपाच्या दिवशी मले बाजूले घेऊन म्हने, शेवंता, त्या दिवशीच मले समजलं होतं, त्या म्हाताऱ्याचं नाक अन् तुहं नाक एकच. मी तुले कामावरून काढली नसती. एवढंच म्हनल्या अन् माह्या हातात साडी ठेवली. मी ते साडी अजून नेसली नाही.

दुसऱ्याच आयतवारी मी बापाकडे गेली. आता त्याले दिसत नाही, बाजेवर बसून असते, बोटं मांडीवर फासे वळत राहतात, केस नसले तरी. मी चपला बाहेर काढल्या. हात जोडले. साऱ्यायच्या देखत म्हनली, हाजीर हावो. शेवंता, बाप गनू, जात पारधी. मानूस एक. आली पोटासाठी खोटं बोलून.

बाप म्हने, आता कोनी हाजरी घेत नाही, बाई.

मी दर आयतवारी जातो. पाय चोळून देतो, खिचडी नेतो, तो चाटूनपुसून खाते. मले अजून बाईच म्हनते. मेंदूनं विसरला का मनानं धरून बसला, हे मले कळत नाही, अन् विचाराची हिंमत नाही. तुमी एवढं ऐकून घेतलं, तुमचे मायबाप सुखात राहो.

माहं नाव लिहा आता. बापाचंही लिहा. जात लिहा, मोठ्या अक्षरात लिहा. गावाचं मातर नका लिहू बाप्पा, रेखाचं सासर इकडंच हाये, अन् तिच्या सासरी अजून सांगितलं नाही.