सगळ्यांना मनाई

...आणि वर मलाच विचारतात, 'रामदासभाऊ, कॉम्प्युटर बिघडला का हो?' अहो, बिघडला असता तर बरं झालं असतं! बिघडलेल्या वस्तूला माणूस दोन थापा मारतो, 'जुनीच होती' म्हणतो आणि घरी जाऊन जेवतो. हा बिघडलेला नव्हताच! दिवा लागत होता, आतला पंखा घुरघुरत होता, माउस हलवला की बाण हलत होता... सगळं ठणठणीत. फक्त ज्या पत्रिकेच्या प्रोग्रॅमसाठी आम्ही त्याला पोसतो, तेवढा एक उघडत नव्हता. चित्रावर दोनदा टिचकी मारली की टुण्ण! आणि पडद्यावर एक चौकोन, 'ॲक्सेस डिनाइड'. म्हणजे आत यायचं नाही. कोणाला? मला! मंडळाच्या खोलीची किल्ली ज्याच्या कमरेला, त्याला! पण तुम्हाला सांगतो, मी शांत होतो.

आता आमचं इथलं, गुजरातेतलं, उधन्याचं मराठी मंडळ म्हणजे काय, तर एक खोली, एक बाक, चाळीस सभासद आणि हा कॉम्प्युटर. एका ऑफिसाने नवे कॉम्प्युटर घेतले तेव्हा जुना आम्हाला देऊन टाकला, आणि त्याच्या अंगात त्या ऑफिसाची शिस्त तशीच राहिली. सुरू केला की आधी नाव विचारणार, मग परवलीचा शब्द विचारणार, मग कोणी कुठल्या फोल्डरमध्ये शिरायचं आणि कोणी नाही याचे नियम! मला कोणी शिकवलं नाही हो. पांडेसऱ्याला कापड रंगवायच्या डाइंगमधली पहिली पाळी संपवून यायचं, एकेक बटण दाबायचं आणि काय झालं ते डायरीत लिहायचं. 'एफ चार दाबले. काही झाले नाही.' 'आल्ट धरून एफ चार दाबले. सगळे गेले.' अशी दोन वर्षं! हसू नका. त्याच जोरावर आज उधन्यातल्या निम्म्या मराठी घरांच्या लग्नपत्रिका इथे छापल्या जातात. गणपती छापलेली कोरी कार्डं बाजारात मिळतात, आतला मजकूर आपण मराठीत टाइप करायचा आणि प्रिंटर खर्र खर्र करत बाहेर टाकणार.

तर परवाचा रविवार. आमच्या भिकनच्या राखीचं लग्न. भिकन लूमवर असतो, सज्जन माणूस, बोलतो अजून अहिराणीच. त्याने नावं सांगितली, मी शुक्रवारी टाइप केली, नमुन्याचं एक कार्ड काढून दिलं. रविवारी दुपारी कार्डं न्यायला कोण आलं? खुद्द नवरीचे मामा! सुकलालमामा, अमळनेरचे. संध्याकाळच्या भुसावळच्या गाडीने परत जायचं, आणि खानदेशातली दोनशे कार्डं, अमळनेर, पारोळा, धरणगाव, सगळी मामांनी हातोहात वाटायची असं ठरलेलं.

मामा बाकावर बसले, चष्मा काढला, पुसला, लावला, आणि नमुना वाचायला घेतला. गणपतीपासून! ओळीखाली बोट ठेवून. काका झाले, आत्या झाल्या, आत्यांचे व्याही झाले, 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी दीड वर्षाची पुतणी झाली... बोट शेवटच्या ओळीपर्यंत गेलं, परत वर आलं, परत खाली गेलं. एक्केचाळीस नावं! मामाचं नाही!

मी भिकनकडे बघितलं. भिकन म्हणतो, "भाऊ, मामानं नाव सांगनं पडस का? तो तं घरनाच शे!" घ्या! घरचा आहे म्हणून सांगायचंच राहिलं!

मामांनी कार्ड मिटलं, बाकावर ठेवलं आणि म्हणाले, "मी काही रागावलो नाही." अंजनाबाईंनी, म्हणजे भिकनच्या मंडळींनी, भावापुढे चहा धरला. मामा म्हणाले, "नको. आत्ताच झाला." झालं! अंजनाबाईंचा चेहरा पांढराफटक. मला दाराआड घेऊन म्हणतात, "भाऊ, दादाने तापात चहा सोडला नाही! आता हा नुसता जाईल, कार्डं नेणार नाही. आणि लग्नात पाठीशी उभा राहिला नाही तर माझ्या पोरीला बोहल्यावर आणेल कोण?"

मी म्हटलं, ताई, एवढंच ना? पाच मिनिटं! नाव घालतो, दोनशे कार्डं छापतो, मामा हसत जातील. बसलो खुर्चीवर, टिचकी मारली... आणि टुण्ण! ॲक्सेस डिनाइड. परत मारली. टुण्ण! सावकाश मारली, मान ठेवून मारली. टुण्ण! मागून मामांचा आवाज, "राहू द्या हो. नावात काय ठेवलंय?" आता सांगा, असं म्हणणारा माणूस रागावलेला नसतो का? पण मी शांत होतो.

तेवढ्यात सोमाभाऊ आले. सोमाभाऊ मंडळाचे चिटणीस. त्यांना कॉम्प्युटरमधलं एकच काम येतं, दुसऱ्यांच्या पत्रिका उघडायच्या आणि तळाला 'प्रमुख उपस्थिती : श्री. सोमाभाऊ' अशी ओळ घुसवायची. तीन लग्नांत घुसवली, एका बारशातसुद्धा! बारशाला कसली हो प्रमुख उपस्थिती, त्या बाळाची सोडून? ते खांद्यावरून वाकून म्हणाले, "व्हायरस आहे." अंजनाबाई म्हणाल्या, "दसऱ्याला कुंकू लावलं होतं, ते कुठे आत तर गेलं नाही?" भिकनने खालून वायर काढून परत लावली, आणि कॉम्प्युटर पहिल्यापासून सुरू व्हायला लागला... तुम्हाला माहीत आहे का किती वेळ लागतो त्याला सुरू व्हायला? तेवढ्यात मामांनी दोनदा घड्याळ बघितलं आणि एकदा पिशवीचा बंद आवळला.

शेवटी मी रस्ता ओलांडून सरलाबाईंच्या फोनबूथमध्ये गेलो आणि प्रफुल्लला फोन लावला. प्रफुल्ल म्हणजे माझ्या चुलतभावाचा मुलगा, पर्वत पाटिया भागात साड्यांच्या एका पेढीत कॉम्प्युटर सांभाळतो. मराठीत सुरू होतो आणि दुसऱ्या वाक्याला गुजरातीत उतरतो. "काका, शांति राखो ने! प्रोग्रॅमला काय नाय झालं. त्याच्या फोल्डरची परमिशन कोणीतरी काढून टाकेली छे. प्रोग्रॅमला आपल्याच घरात जायला मिळत नाय, तो चालू केवी रीते थाय? कोणे कर्युं?"

मी म्हटलं, कोणी केलं ते काय सांगू बाबा, चाळीस सभासद आहेत. आणि आवाज बारीक करून म्हटलं, मला सोमाभाऊंचा संशय आहे.

"जाऊ दे ने काका. ॲडमिनिस्ट्रेटर बनून आत जा. मोठ्या मालकाचं नाव छे ए. पासवर्ड आहे ना?"

आहे की! डायरीत आहे, शनिवारच्या पानावर, आदल्याच दिवशी बदलला होता. आणि डायरी कुठे? खोलीत, बाकावर, मामांच्या शेजारी! आता फोन ठेवला तर प्रफुल्ल परत सापडायचा नाही, रविवारी तो पिक्चरला जातो. मी बूथच्या दारातूनच हाक मारली, "मामा! जरा डायरी बघा! शनिवारचं पान! परवलीचा शब्द!"

चूक झाली. काय चूक झाली, तुमच्या लक्षात आलं का? मामा कुठलीही गोष्ट मधून वाचत नाहीत! गणपतीपासून वाचतात! उभे राहिले, दारात आले, चष्मा पुसला, लावला, आणि खणखणीत आवाजात, अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं सुरू झाले, "शनिवार. सकाळी शेवग्याची आमटी. पोटाला बरे वाटले."

मी ओरडलो, मामा, खाली! खाली वाचा!

"'सोमाने देसल्यांच्या पत्रिकेत पुन्हा स्वतःचे नाव घुसवले. निर्लज्ज माणूस.'" सोमाभाऊ मामांच्या शेजारीच उभे! "'म्हणून आज प्रोग्रॅमच्या फोल्डरला मनाई लावली. यादीत एव्हरीवन म्हणजे सगळे असे नाव होते. त्याच्यापुढे नो ॲक्सेस केले. आता कोणीही हात लावू शकणार नाही. समाधान वाटले. नवा परवलीचा शब्द, विजया.'"

विजया म्हणजे आमची मंडळी हो! भर रस्त्यात! एक रिक्षावाला रिक्षा थांबवून ऐकत होता. सरलाबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. आणि फोनमधून प्रफुल्लचा आवाज, त्यालाही सगळं ऐकू गेलेलं, "काका... तुमीच कर्युं?"

मीच. पण मला सांगा, यात माझं काय चुकलं? मी सगळ्यांना मनाई केली होती, मला कुठे केली होती? आमचे मास्तर वडील शाळेच्या ओट्यावरून म्हणायचे, 'सगळ्यांनी पुस्तकं काढा!' त्यांनी कधी काढलं होतं पुस्तक? आमच्या मंडळाच्या दारावर मीच पाटी लावलीय, 'सगळ्यांनी चपला बाहेर काढाव्यात', आणि ती पाटी मी चपला घालून लावली! आपल्याकडे 'सगळे' म्हणणारा माणूस त्या सगळ्यांत कधी असतो का? पण ते यंत्र! त्याने सरळ मोजलं, सगळे म्हणजे सगळे, त्यात रामदासही आला! मी दाराला कुलूप घातलं आणि मीच बाहेर! तरीही मी शांत होतो.

आणि मग काय झालं ठाऊक आहे? मामा हसले! आधी नाकातून, मग पोटातून, मग दाराची चौकट धरून! "रामदासभाऊ, तुमच्या सगळ्यांत तुम्ही नाही, आणि भिकनच्या सगळ्यांत मी नाही! या, लवकर या, दोघं मिळून आत जाऊ!"

मग तुम्हाला सांगतो, काय देखावा होता! फोन सरलाबाईंच्या कानाला, रस्त्याच्या मधोमध भिकन, दारात मामा, खुर्चीवर मी. पर्वत पाटियाहून प्रफुल्ल बोलणार, सरलाबाई ओरडणार, भिकन हात वर करून पुढे ओरडणार आणि मामा आत वळून मला सांगणार, "उजवं बटण दाबा! प्रॉपर्टीज! सिक्युरिटी! आधी फोल्डरची मालकी आपल्या नावावर घ्या!" घेतली. "आता यादीतल्या सगळ्यांची मनाई काढा! पूर्ण हक्क द्या!" दिले. टिचकी मारली आणि... उघडला! प्रोग्रॅम उघडला! रस्त्यावर टाळ्या! रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला!

राखीची पत्रिका उघडायला गेलो. टुण्ण!

मामा मटकन बाकावर बसले. परत रस्ताभर सवाल गेला आणि रस्ताभर जबाब आला. फोल्डरच्या आत पत्रिकांचा वेगळा फोल्डर असतो, तो अजून बंदच. बाहेरचं दार उघडलं, माजघराचं राहिलं! "एक चौकोन आहे, त्यात बरोबरची खूण करा, म्हणजे आतल्या सगळ्यांना लागू होईल!" केली. आणि पडद्यावर भराभरा एकेका फाइलीचं नाव धावायला लागलं, देसले, पाटील, बारसं, वास्तुशांत, राखी... सगळे मोकळे!

पुढचं काय सांगू! 'श्री. सुकलाल, नवरीचे मामा' अशी ओळ घातली. मामा पाठीमागे उभे. म्हणाले, "थोडं ठळक येईल का? नाही, माझा आग्रह नाही." ठळक केलं. "जरा मोठं?" मोठं केलं. आता मामा गणपतीच्या खालोखाल दिसतात! अंजनाबाईंनी न विचारता चहा पुढे केला, मामांनी एक घेतला, मग दुसरा घेतला, बशीत ओतून, फुर्र करून, आणि अंजनाबाई रडायलाच लागल्या. "दादा, राखीला आणशील ना रे?" "आणशील काय? पोरगी माझी आहे!" प्रिंटर सुरू झाला, खर्र खर्र, आणि मी पळत गेलो प्रफुल्लला धन्यवाद द्यायला, सरलाबाईंचे आभार मानायला. परत येईपर्यंत कार्डं निघत होती. दोनशेचा गठ्ठा बांधला, भिकनने डोक्यावर घेतला, उधना स्टेशनवर गाडी उभीच होती. मामांनी खिडकीतून कार्ड हलवून निरोप दिला. असा आनंद, असा आनंद!

मग खोलीवर आलो, डायरी उघडली, 'समाधान वाटले' लिहिलं, आणि उरलेलं एक कार्ड जपून ठेवावं म्हणून हातात घेतलं. वाचलं. मामांकडून शिकलो ना, गणपतीपासून! बेचाळीस नावं आणि तळाला... 'प्रमुख उपस्थिती : श्री. सोमाभाऊ'.

मी तीन मिनिटं फोनवर होतो हो, तेवढ्यात छपाई थांबवून ओळ घुसवली! तीन मिनिटं! पण बोलायचं कोणाला? पूर्ण हक्क सगळ्यांना मीच दिलेले. बरं, मग मी दुसरं एक नाव शोधलं. आत्यांचे व्याही आहेत, दीड वर्षाची पुतणी आहे, सोमाभाऊ आहेत... ज्याने शुक्रवारी टाइप केलं, रविवारी उघडलं, अख्ख्या उधन्यात ज्याची शेवग्याची आमटी जाहीर झाली, तो रामदास कुठेच नाही!

भिकनला दाखवलं. तो हसून म्हणतो, "भाऊ, तुमनं नाव टाकनं पडस का? तुम्ही तं घरनाच शेतस!"

खरंच आहे त्याचं. आणि मी शांत आहे. विचारा कोणालाही. मी काही रागावलो नाही.

चहा? नको... आत्ताच झाला.