तेहतीस कोटी तेहतीस लाख तेहतीस हजार तीनशे एकतीस

समारंभाच्या अध्यक्ष डीन ऑड्री लिंडग्रेन, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, सत्कारमूर्ती प्राध्यापक अर्ल हॅल्व्हर्सन, आणि ताटलीतल्या लेमन बारच्या लिंबाच्या वड्या संपेपर्यंत का होईना, जागेवर बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

बावीस वर्षं सरांच्या शेजारच्या खोलीत काढलेली ही मार्लिस त्वेट त्यांच्याबद्दल काय बोलणार? आपल्या गणित विभागात निवृत्त होणारा माणूस आपली आवडती मूळ संख्या अक्रोडाच्या फळीवर कोरून घरी नेतो. एक आणि ती स्वतः सोडून जिला कुणीच निःशेष भागू शकत नाही, अशी संख्या. सरांची फळी आत्ताच डीनबाईंनी उघडली: ३३,३३,३३,३३१. काय रुबाब आहे!

सर दरवर्षी फळ्यावर लिहितात: ३१, ३३१, ३३३१... अशा पहिल्या सात संख्या मूळ आहेत, अगदी खऱ्या. मग आठवी, म्हणजे ही फळीवरची, तपासायची कशाला? एवढ्या मोठ्या विद्वानानं भागाकार करत बसायचं?

मी नवी होते, मला कामं नव्हती. मी केला. सरांकडे गेले. "सर, हिला सतरानं भाग जातो हो."

कप खाली न ठेवता सर म्हणाले, "मार्लिस, नोकरी कायम झाली का तुझी?"

"नाही."

"मग आधी ती होऊ दे."

झाली. तरी मी गप्पच. आम्ही मिनेसोटाची माणसं. समोरच्याची चूक काढण्यापेक्षा त्याच्या ताटात आणखी एक डाव हॉटडिश, आमचा तो ओव्हनमधला बटाटा-मांसाचा पदार्थ, वाढतो.

गेल्या महिन्यात शेवटच्या वर्षाच्या बेथनी क्रूगरनं सरांच्या परीक्षेत याच संख्येबद्दल लिहिलं: १७ × १,९६,०७,८४३. सरांनी लाल शाईत शेरा मारला, "संख्या मूळच आहे." दहापैकी शून्य. पोरगी चार गुणांनी नापास. पदवी अडली, गावच्या शाळेतली ठरलेली नोकरी जायची वेळ आली.

ती माझ्याकडे आली. "मॅडम, तुम्ही तरी गुणाकार करून बघा ना."

मी म्हणाले, "बघते हं." बावीस वर्षांपूर्वीच बघितलेला गुणाकार! मला स्वतःची लाज वाटली, अजून वाटते.

तेव्हा मंडळी, नॅपकिन घ्या आणि गुणाकार करा. डीनबाई, तुम्हीसुद्धा. हातचे विसरू नका... काय म्हणालात सर? माईकजवळ या. "सतरानं बघायचं राहून गेलं असेल"? असेल हो. कामाच्या रगाड्यात बावीस वर्षं राहतंच एखादं.

हा गुणदुरुस्तीचा अर्ज. यावर विभागप्रमुखांची सही लागते, आणि सर पाच वाजेपर्यंतच विभागप्रमुख आहेत. उद्यापासून नवे साहेब म्हणतील, पेपर मी तपासलेला नाही. पाचला सात मिनिटं कमी आहेत.

एवढा वेळ ऐकून घेतलंत, मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या भरात काही कमीजास्त झालं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला.

सर, पेनाचं टोपण काढलंय. सही खाली, उजवीकडे.