चुकलेलं चिन्ह

वडूजच्या स्टँडवर बसची वाट बघणाऱ्या बनुबाईंच्या शेजारी बसलेले निवृत्त सुभेदार लेकीवर कडाडले.

"गावात 'डॉक्टर संयोगिता' म्हणून फ्लेक्स लागलाय, आन् तू प्रबंध माघारी घेतलास?"

"आबा, जड क्वार्कचा मेसॉन न् हलका पायॉन, हे दोन बारके कण एकमेकाला ढकलत्यात. मी ओढत्यात असं लिवलं. अधिक-उण्याचं चिन्ह चुकलं."

"कुणी पकडलं?"

"मीच."

"मग गप बसायचं! एवढ्याशा कणांचं कोण बघतंय?"

"आवं, तोफखान्यात आकडा चुकलाय कळल्यावर गोळा सोडला असता तुमी?"

"तिथं माणसं मरत्यात!"

"हितं माझ्या आकड्यावर दुसऱ्यांची गणितं उभी ऱ्हात्यात."

बनुबाईंची बस लागली, पण त्या उठल्या नाहीत.

"परत मांडायला किती दिस?" सुभेदारांनी लेकीला विचारलं.

"वरीस."

"मग हितं काय करतीस? पुण्याची गाडी लागलीय, चढ! गावाला मी बघतो."

"आन् आईला?"

"तिला तूच सांग. तेवढी हिंमत माझ्यात न्हाई!"